ओल्या फडक्याचा अ‍ॅम्प्लिफायर

बेळगावच्या खडेबाजारात यल्लाप्पा मिस्त्रीचं ‘रेणुका साउंड’ नावाचं दुकान होतं, तेव्हाची ही गोष्ट. पाटीखाली स्टुलावर एक माणूस बसलेला असायचा. पायाशी पितळेची बादली, बादलीत जुन्या पंच्याचं अर्धं फडकं. हा भरमा, यल्लाप्पाचा मेव्हणा. वय चाळिशीपुढं, शिक्षण सहीपुरतं, आणि हुद्दा, हसू नका, अ‍ॅम्प्लिफायरवर ओलं फडकं टाकणे.

यल्लाप्पाची मशिनं बेळगावपासून निपाणीपर्यंत गाजलेली. लग्न असो, भजन असो, पुढाऱ्याची सभा असो, भोंगा यल्लाप्पाचा. सकाळी हे मशीन खणखणीत बोलायचं. दहा वाजले की आवाजाला जरा सर्दी व्हायची. बारा वाजता बोलणाऱ्याच्या नाकात शेंगदाणा अडकल्यागत ऐकू यायचं. मग भरमा उठायचा. सगळ्या मांडवाकडं एकदा बघून घ्यायचा, फडकं पिळायचा आणि मशिनाच्या पाठीवरच्या अल्युमिनियमच्या पात्यांवर पसरायचा. चर्रर्र आवाज व्हायचा, वाफ निघायची आणि पाच मिनिटांत भोंगा सुधारायचा. बायका पदर सावरून बघायच्या. म्हातारी माणसं मान डोलवायची. नवरामुलगा अक्षता घेऊन ताटकळत असला तरी चालेल, पण भरमा पहिल्या पंगतीला बसायचा आणि नवऱ्यापेक्षा दोन जिलब्या जास्त खायचा.

वीस वर्षं हे चाललं. एवढ्या वर्षांत त्या सगळ्या मुलखाला मशीन म्हणजे फडकं आलंच, हे इतकं पाठ झालं की माणसं ऑर्डर देताना म्हणायची, “मशीन पाठवा मिस्त्री, आणि फडकं इसरू नगा.”

आता यातली खरी मेख सांगतो. ट्रान्झिस्टर नावाची जी तीन पायांची चीज असते, ती एकाच डब्यातली, एकाच नंबरची असली तरी एकसारखी वागत नाही. एक आवाज पन्नास पट मोठा करील, तर शेजारचा दोनशे पट. यल्लाप्पानं यावर उपाय काढला होता तो पत्रिका जुळवण्याचा. सकाळी सात वाजता, थंड हवेत, अंघोळ करून तो बसायचा. नवा ट्रान्झिस्टर घ्यायचा आणि त्याला एकामागून एक रजिस्टन्स लावून बघायचा. आवाज साफ आला की “जुळलं!” म्हणून कथलाचा डाग देऊन जोडून टाकायचा. एका ट्रान्झिस्टरला एक रजिस्टन्स, जन्माची गाठ. ट्रान्झिस्टर जळला की मशीन परत यल्लाप्पाकडंच आणायचं, कारण दुसऱ्या कुणाला ती पत्रिका ठाऊक नाही. “माझं मशीन दुसऱ्याच्या हाताला लागत न्हाय,” असं तो छाती काढून सांगायचा. दुसऱ्या कुठल्या धंद्यात माणूस ही गोष्ट लाजून सांगेल.

आणि पत्रिका जुळवली सकाळी सातला. कार्यक्रम भर दुपारी, हे ट्रान्झिस्टरला कुणी कळवलंच नव्हतं. तापला की तो जास्त करंट ओढतो. जास्त करंट ओढला की आणखी तापतो. असा स्वतःच्याच तापानं चढत चढत शेवटी धूर सोडतो. त्याच्या चढत्या डोक्यावर भरमाचं फडकं.

या दुकानात सत्त्याहत्तर साली मष्णू आला. मूळचा कडोलीकडचा. बेंगळुरात रेडिओच्या कारखान्यात अकरा वर्षं काढून, बाप गेल्यावर आईसाठी परत आलेला. माणूस हुशार, पण हुशारी कपाळावर गंधासारखी लावून हिंडायचा. कुणी “पंखा स्लो झालाय” म्हणालं तरी हा आधी त्याचं बोलणं दुरुस्त करणार, मग पंखा. त्याची आई नागुबाई म्हणायची, “माझ्या पोराला जगात एकच शाना ठावं हाय, आणि त्यो त्येला रोज आरशात भेटतोय.”

पहिल्याच आठवड्यात मष्णूनं यल्लाप्पाचं एक मशीन उघडलं आणि तो हसला. त्या दुकानात मशिनाकडं बघून हसायची रीत नव्हती. भरमा स्टुलावरून वळला.

“काय झालं रं?” यल्लाप्पानं विचारलं.

“मिस्त्री, ह्यात लगाम कुठाय?”

“कसला लगाम?”

“हे बगा.” मष्णूनं पेन्सिल काढली आणि पुठ्ठ्यावर आकृती काढायला लागला. “वरनं खाली दोन रजिस्टन्स लावायचं आणि मधनं ट्रान्झिस्टरला बांधायचं. म्हंजे त्येची जागा ठरली. आणि त्येच्या पायाखाली एक बारका रजिस्टन्स. करंट वाढला की ह्या खालच्यावर व्होल्टेज वाढतंय, आणि ट्रान्झिस्टरची भूक आपसूक मरतीय. तापला तरी उधळत न्हाय. मग डब्यातला कुठलाबी घाला, पत्रिका नको.”

“कुठलाबी?” यल्लाप्पाचा आवाज खाली आला. “आणि माझं वीस वर्साचं कसब?”

इथं कुठल्याही शहाण्या माणसानं चहा मागवला असता. मष्णू म्हणाला, “कसब न्हाय मिस्त्री, चूक हाय. फकस्त वीस वर्सं जुनी.”

जेवायच्या सुट्टीआधी तो रस्त्यावर होता.

खासबागेत त्यानं एक खोली घेतली आणि स्वतःचं मशीन करायला बसला. शंभर ट्रान्झिस्टर आणले, एकेक मोजला आणि डब्यातला सगळ्यात मठ्ठ आणि सगळ्यात तल्लख असे दोन निवडून, आळीपाळीनं तेच घालून बघायला लागला. दोन्हींत आवाज सारखा येईतोवर त्यानं आकृती सोडली नाही. बाहेर पडणाऱ्या आवाजातला थोडा हिस्सा त्यानं उलटा करून परत आत आणला, म्हणजे मशीन स्वतःचंच बोलणं ऐकून स्वतःला आवरतं. पात्यांना चिकटवून एक बारका डायोड बसवला, ताप बघून करंट कमी करणारा. रविवारी गावी जाताना मशीन पिशवीत घालून न्यायचा आणि नागुबाई भाकरी थापत असली की चुलीजवळ ठेवायचा.

“हे काय शिजत घातलंस?”

“शांत ऱ्हातंय का बघालोय.”

“तू ऱ्हात न्हाईस, तुझं मशीन काय ऱ्हाणार!” ती म्हणायची. पण भाकरी त्या बाजूला कमी सरकवायची, हेही खरं.

मशीन शांत राहिलं. चुलीपाशी राहिलं, दुपारी पत्र्यावर राहिलं. फक्त एक झालं. लगाम लावला की दौड कमी होणारच. तीन ट्रान्झिस्टरांत जेवढा मोठा आवाज यल्लाप्पा काढायचा, तेवढ्याला मष्णूला चार लागले. झालं! गिऱ्हाईक यायचं, झाकण उघडायचं, बोटानं मोजायचं.

“चार? यल्लाप्पा तिनात करतोय की.”

“करतोय, पण दुपारपतूर.”

“गरम का होत न्हाय हे? ताकद न्हाय वाटतं.” आणि शेवटी, पायरी उतरता उतरता, “फडकं कुठाय ह्येचं?”

दीड वर्षात त्याची चारच मशिनं खपली. त्यातलं एक, असं खडेबाजारात लोक कुजबुजत होते, यल्लाप्पानंच दुसऱ्याच्या नावानं नेलं. उघडलं, पायाखालचे बारके रजिस्टन्स बघितले, “ह्ये आवाज अडवायलंय” म्हणाला आणि तारेनं त्यांच्यावरून पूल टाकून ते निकामी केले. आवाज खरोखर वाढला. एका लग्नापुरता टिकला.

मग एकोणऐंशी सालच्या एप्रिलात सत्याप्पाचं कुस्त्यांचं मैदान आलं. सत्याप्पा म्हणजे निपाणी रस्त्यावरच्या एका गावच्या मैदान कमिटीचा अध्यक्ष. आयुष्यात एकदाही लांग बांधली नव्हती, पण माइक हातात आला की पैलवानापेक्षा त्यालाच घाम फुटायचा. कोण कुणाचा पठ्ठा, कुणाच्या मामानं नारळ दिला, कुणाच्या मोटरसायकलीचा नंबर काय, सगळं भोंग्यातून. दिवसभर बोलायचं म्हणजे दिवसभर चालणारं मशीन हवं, आणि मागच्या वर्षी शेवटच्या कुस्तीला यल्लाप्पाचं मशीन गप्प झालं होतं. निकाल खुणांनी सांगावा लागला, ही सत्याप्पाच्या जिवाला लागलेली गोष्ट.

म्हणून त्यानं दोघांनाही घरी बोलावलं. यल्लाप्पा भरमाला घेऊन आलता. मष्णू एकटाच, मशीन काखेत.

“ह्यो म्हणतोय फडकं लागत न्हाय,” सत्याप्पा म्हणाला.

“बिनतेलाचा दिवाबी असतोय म्हणंल,” यल्लाप्पा म्हणाला, आणि भरमा मनापासून हसला.

मष्णूचे कान लाल झाले. “सकाळी आठ ते दिवस मावळेस्तवर. उघड्यावर, उन्हात, फडक्याशिवाय. बंद पडलं तर दुसऱ्या दिवसापास्नं मी मिस्त्रीच्या दुकानात बादली घिऊन भरमाण्णाच्या स्टुलावर बसतो.”

“आणि मी कुठं बसू?” भरमानं विचारलं. त्याची काळजी खरी होती.

“आणि चाललं तर?” सत्याप्पा म्हणाला. “काय पायजे तुला?”

“मला काय नको, आप्पा. तुमी माइकवर एक वाक्य बोलायचं. ‘हे मशीन फडक्याशिवाय चाललं.’ एवढंच.”

सत्याप्पाला वाटलं, पोरगं फारच स्वस्तात मिळालं. माइकवर बोलायचे तर तो स्वतः पदरचे मोजील. पण कमिटीची माणसं! निर्णय घेतला असता तर कमिटी कसली. त्यांनी ठरवलं, पूर्वेचे भोंगे यल्लाप्पाच्या मशिनावर, पश्चिमेचे मष्णूच्या. बोलणारा एक, मशिनं दोन, दोन्ही एकाच उघड्या स्टेजवर.

मैदानाच्या सकाळी मष्णूनं गंमत केली. सत्याप्पापुढं ट्रान्झिस्टरांचा डबा धरला. “आप्पा, डोळं झाकून एक काढा.” सत्याप्पानं काढला. मष्णूनं मशिनातला एक काढून तो बसवला. आवाज होता तसाच, तसूभर फरक नाही.

“मिस्त्री, तुमीबी दाखवा की,” कुणीतरी म्हणालं.

“मी जुळल्यालं लगीन रोज मोडत न्हाय,” यल्लाप्पा म्हणाला. गर्दी हसली, आणि मष्णूच्या लक्षात आलं की खरं दाखवण्यापेक्षा बरं बोलणं या गावात जास्त चालतं. खरं तर लक्षात यायला पाहिजे होतं. तो मनाशी फक्त म्हणाला, बघू दुपारी.

दुपार झाली. ऊन असं की लाल माती पायाला पोळावी. एक वाजता पूर्वेच्या भोंग्यांना सर्दी झाली. भरमा उठला, मैदानाकडं एकदा बघून घेतलं, फडकं पिळलं. चर्रर्र. सुधारलं. दीड वाजता पुन्हा. दोनला बादली रिकामी; अर्धं पाणी तर पैलवानांनीच प्यालं होतं. भरमा बादली घेऊन विहिरीकडं निघाला. पण वाटेत एक चुरशीची कुस्ती लागलेली बघून तो उभा राहिला, आणि विहीर तिथंच राहिली. अडीच वाजता पूर्वेच्या भोंग्यांनी एक लांब ढेकर दिली. यल्लाप्पाच्या मशिनातून बारीक धुराची रेघ निघाली, आणि अर्धं मैदान मुकं झालं.

पश्चिमेचे भोंगे बोलत होते. सकाळी आठला बोलत होते तसेच. मष्णूनं पात्यांना हात लावून बघितला. गरम, पण धरवण्याइतकी. त्यानं हाताची घडी घातली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला हुशारी दाखवायची गरज वाटली नाही. ती भोंग्यातून ऐकू येत होती.

पूर्वेची माणसं पश्चिमेला सरकली. सत्याप्पाचा चेहरा मात्र उतरला. सगळं मैदान आता एका मशिनावर, आणि मोठ्या नारळाची, म्हणजे शेवटची, कुस्ती पाचला. तो दर दहा मिनिटांनी मशिनाकडं बघायचा, जसं आजाऱ्याकडं बघतात.

“मष्णू, गप का बसलंय ते? वाफबी येत न्हाय.”

“आप्पा, यायची नसतीयच.”

“आतनं तापलं असलं तर?”

“आतबाहेर एकच असतंय.”

साडेचारला मष्णू स्टेजमागं गेला. सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता आणि दुसरंही काम अडलं होतं. पाच मिनिटं. तेवढ्यात भरमा भरलेली बादली घेऊन आला. स्वतःचं मशीन तर गेलेलं. फडकं हातात, पाणी गळतंय, करायचं काय? सत्याप्पानं त्याच्याकडं बघितलं, मशिनाकडं बघितलं, आणि जे वीस वर्षं पाठ झालं होतं ते तोंडातून आलं, “भरमा, टाक रं ह्येच्यावर!”

भरमानं टाकलं. आणि टाकलं कुठं? झाकणावर! पाती मागच्या बाजूला होती. वर नुसता पत्रा, खाली वीतभर पोकळी. ना चर्रर्र झालं, ना वाफ. लाकडी कपाटावर कपडा वाळत घालावा तसं.

मष्णू आला आणि त्याला ते दिसलं. “कुणी टाकलं हे? आप्पा! तिथं खाली काय न्हाय हो! नुस्ता पत्रा हाय!”

“असूंदे, असूंदे. गार तर पडंल.”

“गारच हाय ते!”

“मग फडक्यानं पडलं असंल,” यल्लाप्पा शेजारून म्हणाला. मशीन जळालं होतं, माणूस शाबूत होता.

मष्णूनं फडकं ओढायला हात घातला तर कमिटीच्या दोघांनी तो धरला. मोठी कुस्ती तोंडावर आली होती, आणि चालत्या मशिनाला हात लावू देणार कोण? तो तसाच उभा राहिला, एक हात कमिटीत अडकलेला, आणि समोर साडेआठ तास बिनफडक्यानं चाललेलं त्याचं मशीन, डोक्यावर पट्टी बांधल्यागत. शेवटची कुस्ती झाली, निकाल भोंग्यातून खणखणीत गेला, आणि सत्याप्पानं माइक पुन्हा तोंडाशी नेला. आता मष्णूचं ठरलेलं एकच वाक्य.

“मंडळी, आज पूर्वेचं मशीन दगावलं. पश्चिमेच्यालाबी धोका होता. पर आमच्या भरमाण्णानं ऐन टायमाला फडकं टाकलं, म्हणून मैदान तडीला गेलं! भरमाण्णा, या हिकडं.”

आणि भरमाला फेटा बांधला. भगवा, तुरा सोडलेला. नारळ दिला. हलगी वाजली. भरमा बिचारा खरंच गहिवरला. माणूस वाईट नव्हता, नुसता ओला होता. मष्णूलाही नारळ द्यायला निघाले. तो म्हणाला, “फडक्याला द्या,” आणि मशीन काखेत मारून खाली उतरला. कमिटीनं निवाडा केला की मशीन मष्णूचं, फडकं भरमाचं, हरलं कुणीच नाही. स्टुलावर बसायची गरज नाही. त्यामुळं भरमाची तेवढी काळजी मिटली.

त्या मैदानानंतर मष्णूला ऑर्डरी यायला लागल्या. आल्या त्या अशा: “ते कुस्त्यांतलं मशीन पायजे, फडक्यासकट.” तीन महिने तो प्रत्येकाला पुठ्ठ्यावर आकृती काढून समजावत होता. माणसं शांतपणे ऐकायची, चहा प्यायची आणि जाऊन यल्लाप्पाकडं ऑर्डर द्यायची. चौथ्या महिन्यात आमच्या या बाणेदार माणसानं काय करावं? प्रत्येक मशिनाच्या झाकणावर पत्र्याची एक उथळ ताटली रिबिटनं ठोकायला सुरुवात केली. खाली कशालाच न जोडलेली. फडकं ठेवायला. नागुबाईनं बघितलं आणि म्हणाली, “आता शाना झालास.” तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही.

ताटलीची मशिनं मात्र धडाधड खपली. यल्लाप्पाचं दुकान त्र्याऐंशीपर्यंत पत्रिका जुळवत राहिलं. मग त्यानं कुकर दुरुस्ती धरली, तिथं वाफ निघालेली चालते.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात मष्णू खानापूरकडच्या एका गावात गेलता, देवळाच्या भोंग्याची वायर तुटली म्हणून. देऊळ झाडायचं काम तानीबाईकडं, साठीची, तोंडानं फटकळ. मशीन पहिल्या ताटलीवाल्यांतलं, सात वर्षांचं. वर फडकं. मष्णूनं वायर जोडली, माइक लावला, भोंगा बोलला. झालं काम. पण त्याला राहवेना, त्यानं फडकं उचललं.

“ए! हात लावू नगंस त्येला!” तानीबाई झाडणी घेऊन धावली. “मशीन जळंल की!”

मष्णू फडक्याकडं बघत राहिला. वाळून पापड झालेलं. घडीवर धूळ.

“मावशी, हे ओलं कवा केलंय?”

“ओलं?” ती जरा वरमली. “आता रोज कोण बसतंय पाणी घालत? घातलं असंल पैल्या साली. मग इसरलं. चार-पाच वर्सं झाली.”

“मग चालतंय कसं?”

“कसं म्हंजे? फडक्याबिगर चालतंय की!” ती ओरडली. “तुला न्हाय व्हय ठावं? मिस्त्री हायस का कोण?”

माइक चालूच होता. तिचं वाक्य देवळावरच्या दोन्ही भोंग्यांतून गावावर गेलं, शेताशिवारावर गेलं, आवाजात जराही सर्दी नाही. भर दुपारची वेळ. चावडीवर झोपलेल्या एकानं कूस बदलली. एवढीच गावाची दाद.

मष्णूनं माइक तिच्याकडं सरकवला.

“मावशी, परत म्हणा.”

“काय?”

“तेच. आत्ता म्हणालासा ते.”

तानीबाईनं त्याला खालून वर बघितलं, फडकं त्याच्या हातातून हिसकावलं, झटकलं आणि ताटलीत नीट घडी घालून ठेवलं. “उन्हानं टकुरं फिरलंय बग ह्येचं,” ती देवाला म्हणाली, आणि तेही सगळ्या गावाला ऐकू गेलं.